घोट्याचा ‘तियो’ अस्थिभंग : एका दुर्मीळ दुखापतीचा वैद्यकीय इतिहास

(पूर्णगड, जि. रत्नागिरी येथे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानासाठी हृदयविकार किंवा मधुमेह असा सर्वांच्या परिचयाचा विषय सोडून घोट्याच्या एका दुर्मीळ अस्थिभंगाचा इतिहास निवडला गेला, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु पूर्णगडात उभे राहून सभोवार पाहिले की हे नवल बरेचसे ओसरते. मुचकुंदीच्या मुखाशी, टेकडीच्या अंगावर वसलेल्या या गावात सपाट जमीन अशी फारशी नाहीच. किल्ल्याकडे चढणारी वाट असो, दोन घरांमधली पाखाडी असो वा खाडीकडे उतरणाऱ्या पायऱ्या असोत, पायाखाली जांभा दगड ठरलेला. मृगाचा पाऊस स्थिरावला की महिन्याभरात त्या चिऱ्यांवर शेवाळाची साय धरते आणि मग थोरांपासून लहानांपर्यंत प्रत्येकाला पाऊल जपून टाकावे लागते. थोर जपतात. तेरा-चौदा वर्षांची मुले जपत नाहीत, आणि प्रस्तुत विषय नेमका त्यांचाच आहे.

शाळेची घंटा झाली म्हणून मुलगा पाखाडी धावत उतरतो. पाऊल दोन चिऱ्यांच्या फटीत अडकते आणि देह मात्र वेगाने वळतो. मैदानावर कबड्डीत प्रतिस्पर्ध्यांनी पाय धरून ठेवला व चढाई करणाऱ्याने अंग पिळवटले, तरी घडते ते हेच. मुलगा खाली बसतो, घोटा सुजतो. घरी आणल्यावर आजी म्हणते, ‘‘पाय मुरगळला असेल, लचक भरली असेल.’’ आंबेहळदीचा लेप होतो, कोमट तेलाने चोळणे होते, कोणी जाणता घोटा ओढून ‘नस बसवतो’. दहांतल्या बहुतेक वेळी आजीचे निदान बरोबर असते. आठ-पंधरा दिवसांत सूज उतरते आणि पोर पुन्हा हुंदडू लागते. परंतु क्वचित एखाद्या वेळी ती लचक नसते. घोट्याच्या सांध्यात शिरलेल्या हाडाचा एक चौकोनी तुकडा आपल्या जागेवरून उपटून बाहेर सरकलेला असतो आणि प्रत्येक चोळण्याबरोबर तो आणखी थोडा सरकत असतो. या अस्थिभंगाला वैद्यकशास्त्रात ‘तियो’ अस्थिभंग म्हणतात. नाव फ्रेंच आहे. इंग्रजी अक्षरांवरून आपल्याकडे त्याचा उच्चार पुष्कळदा ‘टिलॉक्स’ असा केला जातो. डॉक्टरांच्या तोंडून तो शब्द ऐकला तर दोन्ही एकच समजावेत.

इतिहासाकडे वळण्यापूर्वी घोट्याची रचना थोडक्यात ध्यानात घेणे आवश्यक आहे. गुडघ्याखाली दोन हाडे असतात. आतल्या बाजूचे जाड हाड म्हणजे आपली नडगी आणि बाहेरच्या बाजूचे बारीक हाड म्हणजे बहिर्जंघास्थी. या दोहोंची खालची टोके मिळून एक खाच तयार होते व तळपायाच्या माथ्यावरचे ‘टॅलस’ नावाचे हाड त्या खाचेत बसते. सुताराने लाकडात खाच पाडून तीत दुसऱ्या लाकडाचे टोक घट्ट बसवावे, तशीच ही जोडणी आहे. दोन्ही हाडे एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून त्यांना पुढून व मागून बळकट अस्थिबंधांनी बांधलेले असते. पुढचा अस्थिबंध नडगीच्या खालच्या टोकावरील बाहेरच्या उंचवट्यापासून निघून बहिर्जंघास्थीला जाऊन मिळतो. पाऊल बाहेरच्या दिशेला पिळले गेले म्हणजे टॅलस बारीक हाडाला ढकलतो, हा अस्थिबंध ताणला जातो आणि अखेर काहीतरी तुटते. काय तुटते, या एका प्रश्नाभोवती जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास फिरलेला आहे.

आपल्याकडील प्राचीन शस्त्रवैद्यकाने अस्थिभंगाचा विचार फार गंभीरपणे केलेला होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील पंधराव्या अध्यायात सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितलेले आहेत. चिकित्सास्थानातील तिसरा अध्याय उपचारांचा आहे. मोडलेला भाग ओढून सरळ करणे, दाबून जागी बसवणे, वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन अशा वृक्षांच्या साली किंवा बांबू यांच्या पट्ट्या लावून बांधणे, थंडीत सात दिवसांनी तर उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध बदलणे, असा तपशील तेथे येतो. मांडी किंवा पाय मोडलेल्या रुग्णाला हलू न देण्यासाठी फळीवर निजवून खुंट्यांनी पाय अडकवण्याची युक्तीही त्यात आहे. घोट्याला सुश्रुत ‘गुल्फ’ म्हणतो आणि त्या जागेची गणना रुजाकर मर्मांत, म्हणजे आघात झाल्यास दीर्घकाळ वेदना देणाऱ्या स्थानांत करतो. घोटा दुखावलेल्या कोणालाही हे वर्गीकरण पटल्याशिवाय राहणार नाही.

त्याच ग्रंथातील आणखी दोन गोष्टी येथे विशेष महत्त्वाच्या आहेत. सर्व हाडे सारखी मोडत नाहीत, कोवळे कूर्चामय हाड वाकते तर नळीसारखे लांब हाड मोडते, हा भेद सुश्रुताने केलेला आहे. तसेच सांधा स्थिर होण्यास बालपणी एक महिना लागत असेल, तर मध्यम वयात त्याच्या दुप्पट व वार्धक्यात तिप्पट काळ लागतो, असे तो सांगतो. म्हणजे अस्थिभंगाच्या प्रसंगी रोग्याचे वय विचारले पाहिजे, ही जाणीव त्या काळी होती. पुढील इतिहास ऐकताना एवढी गोष्ट स्मरणात ठेवावी. ‘तियो’ अस्थिभंग समजण्यास जो विलंब झाला, त्याच्या मुळाशी वयाचा हा प्रश्नच आहे.

युरोपातील घोट्याच्या अस्थिभंगाचा इतिहास प्रायः लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांच्यापासून सांगितला जातो. पॉट हे सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील नामांकित शल्यचिकित्सक. १७५६ च्या जानेवारीत ते घोड्यावरून पडले आणि त्यांचा पाय मोडून हाड कातडीबाहेर आले. त्या काळी अशा जखमेचा शेवट बहुधा पाय कापण्यात किंवा मृत्यूत होत असे. कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर पडलेल्या पॉट यांनी स्वतःला कोणालाही हलवू दिले नाही. त्यांनी पालखीवाहकांना बोलावणे पाठवले, ते येईपर्यंत एक दरवाजा विकत घेतला, पालखीच्या दांड्यांना तो दरवाजा खिळ्यांनी ठोकून घेतला व त्यावर आडवे होऊन ते लंडन ब्रिजवरून घरी पोहोचले. जमलेल्या शल्यचिकित्सकांनी पाय कापण्याचा निर्णय घेतला. हत्यारेही तयार झाली होती. इतक्यात त्यांचे गुरू एडवर्ड नोर्स आले आणि त्यांनी पाय वाचवण्याचा प्रयत्न करून पाहावा असे सुचवले. पाय वाचला. हा प्रसंग एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, मोडलेला पाय हलू न देता रुग्णाला नेणे हा प्रथमोपचाराचा पहिला धडा, आणि तो एका जखमी वैद्याने स्वतःच्या देहावर गिरवून दाखवला.

पुढे १७६८ साली पॉट यांनी अस्थिभंगांवरील आपला प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात बहिर्जंघास्थी खालच्या टोकापासून दोन-तीन इंच वर मोडते, आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटतो आणि पाऊल बाहेर सरकते, अशा दुखापतीचे वर्णन आहे. त्यामुळे घोट्याजवळच्या अस्थिभंगांना ‘पॉट्स फ्रॅक्चर’ असे नाव पडले ते आजतागायत. गंमत अशी की पॉट यांचा स्वतःचा मोडलेला पाय या प्रकारचा नव्हता. तरीही ‘पॉट यांना जे झाले ते पॉट्स फ्रॅक्चर’ ही समजूत विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांत चालत आलेली आहे.

त्यानंतर केंद्र पॅरिसकडे सरकले. बॅरन द्युपुइत्रां यांनी १८१९ साली बहिर्जंघास्थीच्या खालच्या टोकाच्या अस्थिभंगावर प्रबंध लिहिला. त्यांचे शिष्य झूल मेझोनव्ह यांनी १८४० साली केलेले काम मात्र मूलगामी ठरले. तोवर सर्वांची कल्पना अशी होती की, पाऊल आत किंवा बाहेर कलंडल्यामुळेच घोटा मोडतो. मेझोनव्ह यांनी प्रेतांवर प्रयोग करून दाखवले की पाऊल बाहेरच्या दिशेला पिळले गेल्यानेही तो मोडतो आणि निरनिराळ्या ठिकाणी मोडतो. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अस्थिभंगात तर दुखते घोट्यापाशी आणि बारीक हाड मोडलेले असते वर, गुडघ्याच्या जवळ. पिळण्याचा जोर दोन हाडांमधल्या पडद्यातून वर चढत जातो व तेथे बाहेर पडतो. केवळ घोट्याचाच फोटो काढला तर हा अस्थिभंग हमखास निसटतो. म्हणून घोटा सुजलेल्या रुग्णाची नडगी गुडघ्यापर्यंत दाबून पाहण्याची शिस्त आजही पाळली जाते.

याच सुमारास, १८४५ साली, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि पाश्चात्त्य शस्त्रवैद्यकाचे रीतसर शिक्षण आपल्या प्रांतात येऊन पोहोचले. १८५१ साली उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. कोकणच्या खेड्यापाड्यांत मात्र मोडलेले हाड पुढेही दीर्घकाळ हाडवैद्याच्याच हाती राहिले. त्यातील पुष्कळांचे कसब खरोखर वाखाणण्यासारखे होते. नडगी सरळ मोडली असेल तर बांबूच्या कामट्या बांधून ती जुळवणे त्यांना साधत असे. सांध्याच्या आत मोडलेले हाड ही बाब निराळी. ते बाहेरून चाचपून कळत नाही, आणि क्ष-किरणांच्या पूर्वी ते पॅरिसच्या प्राध्यापकालाही कळत नव्हते.

आता मूळ विषय. नडगीच्या खालच्या टोकावरील पुढचा, बाहेरचा उंचवटा तुटतो, हे प्रथम लक्षात आले ते इंग्लंडच्या सर ॲस्टली कूपर यांना. सांधे निखळणे व सांध्यांचे अस्थिभंग यांवरील त्यांचा ग्रंथ १८२२ साली प्रसिद्ध झाला, त्यात या तुकड्याचा निर्देश येतो. तथापि कूपर यांचे नाव या अस्थिभंगाला मिळाले नाही. ते मिळाले पन्नास वर्षांनंतर प्रयोग करणाऱ्या पॉल झूल तियो यांना. तियो यांचा जन्म १८३४ चा व मृत्यू १९०४ चा. शरीररचनेचे शिक्षक म्हणून त्यांची ख्याती मोठी होती आणि प्रादेशिक शरीररचनेवरचा त्यांचा ग्रंथ फ्रान्समध्ये अनेक वर्षे अभ्यासला गेला. घोट्याच्या अस्थिभंगांवरील त्यांचे प्रयोग १८७२ साली पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे आले. प्रेताचे पाऊल विशिष्ट दिशेने पिळायचे, काय तुटले ते उघडून पाहायचे आणि त्याची रुग्णाच्या दुखापतीशी सांगड घालायची, अशी ही पद्धत होती. या प्रयोगांत त्यांना दिसले की काही वेळा अस्थिबंध तुटत नाही. तो स्वतः शाबूत राहतो आणि ज्या हाडाला तो चिकटलेला आहे त्या हाडाचाच तुकडा उपटून घेतो. झाड कोसळताना मुळांबरोबर मातीचे ढेकूळ उचलले जावे, तसा हा प्रकार.

दोरी दोन टोकांना बांधलेली असेल तर ती कोणत्याही एका टोकाला उपटू शकते. दुसऱ्या टोकाचा, म्हणजे बहिर्जंघास्थीच्या बाजूचा तुकडा उपटल्याचे वर्णन लंडनच्या वॅगस्टाफ यांनी १८७५ साली आणि फ्रान्सच्या लेओं ल फोर यांनी १८८६ साली केले. चेहऱ्याच्या हाडांच्या अस्थिभंगांना ज्यांचे नाव आहे ते रने ल फोर निराळे. दोघांची गल्लत करू नये. नडगीच्या बाजूच्या तुकड्याला मात्र तियो यांच्याबरोबर आणखी एक नाव जोडले गेले, ते आंरी शापु यांचे. त्यांचा घोट्याच्या अस्थिभंगांवरील ग्रंथ १९०७ साली निघाला. त्याच्या शीर्षकात ‘कामावरील अपघात’ हे शब्द आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. फ्रान्समध्ये १८९८ साली कामगारांच्या अपघाती नुकसानभरपाईचा कायदा झाला होता. मजुराचा घोटा खरोखर मोडला आहे की नुसता मुरगळला आहे, या प्रश्नावर आता त्याची भरपाई अवलंबून होती. पूर्वी जो प्रश्न शरीररचनेच्या दालनापुरता होता, तो एका गरीब कुटुंबाच्या पोटाचा प्रश्न झाला. विज्ञानाच्या प्रगतीला अशी निकडही कधी कधी कारणीभूत होते. आज नडगीवरच्या त्या उंचवट्याला दोघांच्या नावाने ‘तियो-शापु’ असे संबोधतात.

दरम्यान एक मोठी क्रांती घडून गेली होती. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि वर्षअखेरीस त्यांनी तो जाहीर केला. जिवंत माणसाचे हाड कातडी न उघडता दिसू लागले. अवघ्या तीन वर्षांत, १८९८ साली, लंडनचे जॉन पोलंड यांनी मुलांच्या हाडांच्या वाढत्या टोकांना होणाऱ्या दुखापतींवर एक विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलाचे हाड म्हणजे मोठ्या माणसाच्या हाडाची छोटी प्रतिकृती नव्हे, ही गोष्ट आता चित्रांसह पुढे आली. परंतु ‘तियो’ अस्थिभंगाचे जे रूप मुलांत आढळते, त्याचे कोडे उलगडायला आणखी सहा-साडेसहा दशके जावी लागली.

हे कोडे असे. लांब हाडाच्या टोकाजवळ, सांध्यापासून थोड्या अंतरावर, कूर्चेची एक पातळ चकती असते. तिला वृद्धिपट्टी म्हणतात. हाडाची लांबी तेथूनच वाढते. नडगीच्या एकूण वाढीपैकी सुमारे चाळीस टक्के वाढ खालच्या वृद्धिपट्टीतून होते. वाढ संपत आली की ही कूर्चा हाडात रूपांतरित होते, म्हणजे पट्टी ‘बंद’ होते. ती एकाच दिवशी, सगळीकडे एकदम बंद होत नाही. नडगीच्या खालच्या टोकाला प्रथम मधला भाग बंद होतो, त्यानंतर आतल्या बाजूचा आणि सर्वांत शेवटी बाहेरच्या बाजूचा. या साऱ्या प्रक्रियेला साधारणतः दीड वर्ष लागते. वय बहुधा बारा ते पंधरा. मुलींत थोडे आधी, मुलग्यांत थोडे नंतर.

या दीड वर्षाच्या अवधीत घोट्याची अवस्था विलक्षण असते. आतील अर्धा भाग प्रौढाचा झालेला, बाहेरचा अर्धा अजून बालकाचा. बाहेरच्या कोपऱ्याला तो बळकट अस्थिबंध चिकटलेला असतो आणि त्याच्या वरची कूर्चा अस्थिबंधापेक्षा दुबळी असते. पाऊल बाहेर पिळले की अस्थिबंध टिकतो आणि कूर्चा फाटते. ही फाट पट्टीतून आडवी आत शिरते. जेथे पट्टी बंद झालेली आहे तेथे तिला वाट मिळत नाही. म्हणून ती काटकोनात वळून सरळ खाली सांध्यात उतरते. परिणामी टोकाचा चौकोनी तुकडा, सांध्याच्या गुळगुळीत पृष्ठभागासह, सुटा होतो. याच मुलाला दोन वर्षांपूर्वी अशीच इजा झाली असती तर हाड निराळ्या तऱ्हेने मोडले असते. दोन वर्षांनंतर झाली असती तर बहुधा अस्थिबंधच तुटला असता. आयुष्यातील या लहानशा फटीतच हा अस्थिभंग घडू शकतो, आणि म्हणूनच तो दुर्मीळ आहे. मुलांच्या घोट्याच्या एकूण अस्थिभंगांत त्याचे प्रमाण अवघे तीन ते पाच टक्के मानले जाते.

प्रौढांच्या प्रेतांवर कितीही प्रयोग केले असते तरी ही गोष्ट दिसणे शक्य नव्हते. टोरँटोचे रॉबर्ट सॉल्टर व रॉबर्ट हॅरिस यांनी १९६३ साली वृद्धिपट्टीच्या दुखापतींचे पाच प्रकारांत वर्गीकरण केले. त्यातील तिसऱ्या प्रकारात, जेथे फाट पट्टीतून निघून सांध्यात उतरते, हा अस्थिभंग बसला. पुढच्याच वर्षी, १९६४ साली, अमेरिकेतील क्लायगर व मॅनकिन या दोघा डॉक्टरांनी किशोरवयातील या दुखापतीचे सविस्तर वर्णन करून तिचा संबंध पट्टी बंद होण्याच्या क्रमाशी जोडून दाखवला. कूपर यांच्या ग्रंथापासून मोजले तर १४२ वर्षे झाली होती. तुकडा तोच, जागा तीच. मात्र तो मुलांतच विशेषेकरून का तुटतो, याचे उत्तर वय आणि हाड एकत्र पाहिल्यावर मिळाले. १९७० नंतर याच कुळातील आणखी एक, तीन प्रतलांत मोडणारा ‘ट्रायप्लेन’ अस्थिभंग ओळखला गेला. तो या कोड्याचाच पुढचा भाग असल्याने येथे नुसता उल्लेख पुरे.

एवढ्या लहान तुकड्याला एवढे महत्त्व का, असे कोणी विचारील. मुलाची वाढ जवळजवळ संपलेली असते. त्यामुळे पाय आखूड राहण्याची भीती या दुखापतीत फारशी नसते. धोका असतो तो सांध्याला. चालताना साऱ्या देहाचे ओझे या इवल्याशा सांध्यावर येते. १९७६ साली रॅमसे व हॅमिल्टन यांनी प्रयोगाने दाखवून दिले की, टॅलस हाड केवळ एक मिलिमीटर बाहेर सरकले तरी सांध्याच्या पृष्ठभागांचा परस्परांशी असलेला स्पर्श ४२ टक्क्यांनी घटतो. एक मिलिमीटर म्हणजे जाड पुठ्ठ्याएवढी जाडी. तुकडा सरकलेलाच राहिला तर सांध्याच्या तळाशी पायरी तयार होते, कूर्चा झिजू लागते आणि ऐन तारुण्यात संधिवाताचे दुखणे मागे लागते. होडीवर, बागेत किंवा गवंडीकामावर ज्याला दिवसभर पायांवर उभे राहायचे आहे, त्याच्या दृष्टीने हे नुकसान केवढे, ते पूर्णगडच्या श्रोत्यांना सांगण्याची आवश्यकता नाही.

निदानातही एक अडचण आहे. समोरून काढलेल्या साध्या फोटोत बहिर्जंघास्थीची सावली नेमकी या तुकड्यावर पडते व फट झाकली जाते. त्यासाठी पाय पंधरा ते वीस अंश आत वळवून आणखी एक फोटो घ्यावा लागतो. तुकडा किती सरकला आहे हे अचूक समजण्यास सी.टी. स्कॅन अधिक उपयोगी पडतो. हे यंत्र हाउन्सफील्ड यांनी १९७१ साली प्रथम रुग्णासाठी वापरात आणले. दोन मिलिमीटरपेक्षा कमी सरकला असेल तर पाऊल आत वळवून मांडीपर्यंत प्लॅस्टर घालतात. साधारण चार आठवड्यांनी ते काढून गुडघ्याखालचे प्लॅस्टर आणखी काही दिवस ठेवले जाते. हे प्लॅस्टरसुद्धा एका वैद्याची देणगी. हॉलंडचे लष्करी शल्यचिकित्सक मॅथायसेन यांनी १८५१ च्या सुमारास ते प्रचारात आणले. दोन मिलिमीटरहून अधिक अंतर असेल तर शस्त्रक्रिया करून तुकडा जागी बसवतात आणि एक-दोन स्क्रूंनी पक्का करतात. लहान मुलाच्या वृद्धिपट्टीतून स्क्रू आरपार नेणे टाळतात. येथे वाढ संपत आलेली असल्याने गरज पडल्यास ती मोकळीक असते. वेळेवर झालेल्या उपचारांचे फळ बहुतांशी उत्तम मिळते, आणि म्हणूनच तो वेळेवर न होणे अधिक खेदाचे वाटते.

घरच्या घरी शंका केव्हा घ्यावी? साध्या लचकीत वेदना बहुधा बाहेरच्या घोट्याच्या टोकाखाली व किंचित पुढे असते. ‘तियो’ अस्थिभंगात बोट लावले असता ती त्याहून वर, घोट्याच्या पुढच्या बाजूस, दोन हाडे जेथे भेटतात तेथे मिळते. सूज मात्र दोन्हींत फसवी असते. या प्रकारात ती कधी कधी फार थोडी असते, कारण बारीक हाड शाबूत राहून तुकड्याला फार दूर जाऊ देत नाही. कॅनडातील ओटावा येथे १९९२ साली घोट्याचा फोटो केव्हा काढावा याचे काही नियम बसवण्यात आले. त्यातील एक कोणासही लक्षात ठेवता येईल. इजा झाल्यावर लगेच, आणि नंतर तपासणीच्या वेळी, रुग्णाला त्या पायावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नसतील तर फोटो काढावा. लंगडत टाकलेली पावलेही पावलेच धरायची. बारा ते पंधरा या वयात तर चार पावले टाकता आली, तरी सांध्याच्या पुढच्या रेषेवर दाबून कळ येत असल्यास फोटो टाळू नये.

आंबेहळदीच्या लेपाविषयी कोणाचे मन दुखवण्याचे कारण नाही. लेपाने हाड सरकत नाही. सरकते ते चोळण्याने, ओढण्याने आणि ‘नस बसवण्या’ने. म्हणून इजा झाल्यापासून फोटो होईपर्यंत घोट्याला तेल लावून चोळू नये, पिळू नये. पाऊल ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत दोन्ही बाजूंना फळीचे तुकडे, जाड पुठ्ठा किंवा घडी केलेली उशी लावून, बोटे निळी पडणार नाहीत इतपत सैल बांधावे, पाय उंचावर ठेवावा आणि कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ धरावा. मासेमारीच्या गावात बर्फाला तोटा नाही. पाखाडीवरून रस्त्यापर्यंत न्यायचे झाल्यास मुलाला खांद्यावर हात टाकून लंगडत चालवू नये, खुर्चीवर बसवून दोघांनी उचलावे. पॉट यांनी विकत घेतलेल्या दरवाजाचे काम आपल्याकडे घरची लाकडी खुर्ची उत्तम करते. पुढे पावसमार्गे रत्नागिरी गाठेपर्यंत वाहनात पाय आडवा ठेवावा. शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते, म्हणून वाटेत काही खाऊ-पिऊ घालण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. रुग्णालयात पोहोचल्यावर मुलाचे नेमके वय सांगावे आणि पाऊल कोणत्या बाजूला पिळले गेले, हे स्वतः मुलालाच सांगू द्यावे. बाराव्या वर्षी आणि सतराव्या वर्षी सुजलेला घोटा वरून सारखाच दिसतो.